जखम भरणारी पेप्टाइडे : दावा आणि पुरावा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिनेही याच अमिनो आम्लांची बनतात. फरक आहे तो लांबीचा. साधारण चाळीस-पन्नास अमिनो आम्लांपर्यंतच्या साखळीला पेप्टाइड म्हणायचे आणि त्याहून लांब साखळीला प्रथिन, असा संकेत आहे. ही सीमारेषा माणसाने सोयीसाठी आखलेली आहे, त्यामुळे 51 अमिनो आम्लांचे इन्सुलिन कोणी इकडे मोजतात, कोणी तिकडे. शरीरात पेप्टाइडांचे मुख्य काम निरोप पोचवण्याचे. रक्तातली साखर पेशींत शिरते, बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावते, हाडातले कॅल्शियम गरजेप्रमाणे रक्तात उतरते, ते अशा साखळ्यांच्या सांगण्यावरून. जखम झाली की ती भरून काढण्यासाठी पेशींमध्ये जी देवाणघेवाण होते, तिच्यातही पेप्टाइडांचा आणि छोट्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

मग असा एखादा निरोप प्रयोगशाळेत तयार करून बाहेरून दिला, तर चिघळलेली जखम भरेल का, तुटलेली कंडरा लवकर जुळेल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणे साहजिक होते. त्यावर गेली पन्नास वर्षे काम चालू आहे. अलीकडे मात्र हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडला आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लेबल लावलेल्या पांढऱ्या भुकटीच्या कुप्या ऑनलाइन विकल्या जातात, आणि जिममध्ये जाणारी, खांदा किंवा गुडघा दुखावलेली माणसे त्यांची इंजेक्शने स्वतःच टोचून घेतात. म्हणून यातले काय सिद्ध झाले आहे आणि काय अजून उंदरांपाशीच थांबले आहे, हे नीट समजून घ्यायला हवे.

त्यासाठी आधी जखम कशी भरते ते पाहू. त्वचा कापली की रक्तवाहिन्या आकसतात, प्लेटलेट तिथे जमून गुठळी धरतात आणि फायब्रिनची जाळी तयार होते. प्लेटलेट केवळ भोक बुजवत नाहीत. फुटताना त्या आपल्या पोटातले वाढ-घटक बाहेर टाकतात. हा पहिला निरोप. तो ऐकून काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि जंतूंवर तुटून पडतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. सूज नकोशी वाटली तरी दुरुस्तीची सुरुवात तिच्याशिवाय होत नाही. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज पेशी येतात. त्या मेलेल्या पेशी आणि जंतूंचा राडारोडा खाऊन टाकतात आणि पुढच्या कामाची सूत्रे हाती घेतात. साफसफाईपासून बांधकामाकडे वळण्याचा हा टप्पा फार नाजूक असतो. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा ती याच वळणावर अडकलेली असते: सूज ओसरत नाही आणि बांधणी सुरू होत नाही.

बांधणी सुरू झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखमेत सरकतात आणि कोलॅजेन विणू लागतात. आसपासच्या केशवाहिन्यांना नवे कोंब फुटतात, म्हणून भरत आलेली जखम लालसर आणि दाणेदार दिसते. कडेच्या त्वचापेशी खपलीखालून सरकत येऊन वरचा थर पुरा करतात. सुरुवातीचे कोलॅजेन घाईचे आणि विस्कळीत असते; पुढे महिनोन्‌महिने ते काढून त्या जागी अधिक मजबूत प्रकारचे कोलॅजेन नीट ओळीने बसवले जाते. एवढे होऊनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्क्यांपलीकडे जात नाही. या कोलॅजेनची तीन पदरी वेणीसारखी रचना उलगडण्यात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55च्या सुमारास मद्रासमध्ये केलेल्या कामाचा पायाभूत वाटा आहे. शरीराची दुरुस्ती हा विषय शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने ही नावे अभिमानाने लक्षात ठेवावीत.

कंडरा आणि कूर्चा यांची गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा आणि पेशीही विरळ, त्यामुळे दुरुस्तीचे साहित्य आणि कामकरी दोन्ही उशिरा पोचतात. टाचेवरची किंवा खांद्यातली कंडरा दुखावली की सहा-सहा महिने बरी होत नाही ती यामुळे, आणि पेप्टाइडांचा बाजार सर्वांत जोरात चालतो तोही याच दुखण्यांवर.

बाहेरून दिलेले पेप्टाइड या कामात कुठे हात घालू शकते? सर्वांत परिचित मार्ग ग्राहीचा. पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रथिने असतात, पेप्टाइड त्यांना चिकटते आणि पेशीच्या आत विभाजनाचे, स्थलांतराचे किंवा कोलॅजेन बनवण्याचे आदेश सुटतात. दुसऱ्या प्रकारात पेप्टाइड पेशीच्या आतल्या सांगाड्यावर परिणाम करते, त्यामुळे पेशीला जखमेकडे सरकणे सोपे जाते. काही पेप्टाइडे जंतूंच्या पटलाला भोके पाडतात. आपल्या त्वचेतच 37 अमिनो आम्लांचे असे एक पेप्टाइड असते. आणि काही पेप्टाइडे पेशींना धरायला जागा देतात. 1984 मध्ये एर्की रुओस्लाहती आणि मायकेल पियर्शबाखर यांनी दाखवले की फायब्रोनेक्टिनसारख्या भल्यामोठ्या प्रथिनाला पेशी चिकटते ती त्यातल्या अवघ्या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यापाशी. एवढा मोठा रेणू, आणि कळीची जागा इतकी छोटी! तेव्हापासून कृत्रिम जाळ्यांवर आणि हाडाच्या कलमांवर असे तुकडे बसवून पेशींना बोलावण्याचे प्रयोग सुरू झाले. कोलॅजेनच्या 15 अमिनो आम्लांच्या तुकड्याची नक्कल करणारे एक हाड-कलम 2015 मध्ये अमेरिकेत मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झाले.

हे सगळे शक्य झाले ते पेप्टाइड बनवणे सोपे झाल्यामुळे. एमिल फिशर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दोन अमिनो आम्ले जोडून दाखवली. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचे ऑक्सिटोसिन कृत्रिमरीत्या तयार केले आणि दोन वर्षांत त्यांना नोबेल मिळाले. पण खरी क्रांती ब्रूस मेरिफिल्ड यांची. साखळीचे एक टोक प्लास्टिकच्या बारीक मण्याला अडकवायचे आणि एकेक अमिनो आम्ल जोडत, धूत पुढे जायचे, ही त्यांची 1963 ची पद्धत पुढे यंत्रांनी उचलली. ज्या सोयीने औषधसंशोधन वेगाने झाले, त्याच सोयीने आज कोणतीही छोटी रसायनशाळा कुपी भरून विकू शकते.

संशोधनातल्या पेप्टाइडांपैकी तिघांचे नाव सतत कानावर येते. सर्वांत जुने जीएचके. 1973 मध्ये लॉरेन पिकार्ट यांना मानवी रक्तद्रवात ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला. तो तांब्याच्या आयनाला घट्ट पकडतो. कोलॅजेनचे धागे एकमेकांना पक्के जोडणाऱ्या एन्झाइमला तांबे लागते, त्यामुळे हा तुकडा तांबे पोचवत असावा, असा तर्क आहे. 1988 मध्ये फ्रान्समधल्या गटाने तो फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये कोलॅजेनचे उत्पादन वाढवतो असे दाखवले. परंतु आज त्याचा वापर मुख्यतः चेहऱ्याच्या क्रीममध्ये होतो. पेशींच्या बशीत दिसलेला परिणाम आणि मोठ्या जखमेवरचा उपचार यांत बरेच अंतर आहे.

दुसरे थायमोसिन बीटा-4. हे 43 अमिनो आम्लांचे आहे. सुरुवातीला ते थायमस ग्रंथीचे संप्रेरक मानले गेले. नंतर कळले की ते शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत असते आणि पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाचे सुटे घटक धरून ठेवते. पेशीला सरकायचे असते तेव्हा ॲक्टिनचे धागे पुढे बांधावे आणि मागे मोडावे लागतात, म्हणून या पेप्टाइडाचा जखमेशी संबंध जुळतो. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या जखमांवर ते लावल्यावर त्वचेचा वरचा थर चौथ्या दिवशी 42 टक्के आणि सातव्या दिवशी 61 टक्के अधिक भरलेला दिसला. आकडे उत्साह वाढवणारे होते. माणसांच्या शिरांच्या बिघाडामुळे पायावर होणाऱ्या व्रणांवर मात्र दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत एका मात्रेला जखम लवकर भरण्याचा कल तेवढा दिसला, निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. बाजारात टीबी-500 या नावाने विकला जातो तो याच पेप्टाइडाचा छोटा तुकडा समजला जातो. मूळ रेणूवर झालेली संशोधने त्याच्या जाहिरातीत बिनदिक्कत वापरली जातात, ही गोष्ट ग्राहकाच्या लक्षातही येत नाही.

तिसरे, आणि सध्या सर्वांत गाजलेले, बीपीसी-157. क्रोएशियाच्या झाग्रेबमध्ये प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाने जठररसातल्या एका प्रथिनाशी त्याचा संबंध जोडला आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यावर प्रयोग केले. ते 15 अमिनो आम्लांचे आहे. उंदरांची टाचेची कंडरा कापून, स्नायू चिरडून, आतड्यात व्रण पाडून ते देण्यात आले आणि बहुतेक वेळा दुरुस्ती वेगाने झाल्याचे नोंदवले गेले. कारण म्हणून दोन मार्ग सुचवले जातात: नव्या रक्तवाहिन्या फुटण्याशी निगडित ग्राही अधिक सक्रिय होणे आणि नायट्रिक ऑक्साइडच्या यंत्रणेवर परिणाम होणे. तैवानमधल्या संशोधकांना कंडरेच्या पेशींमध्ये वाढ-संप्रेरकाचे ग्राही वाढलेलेही दिसले. परंतु या पेप्टाइडावरचे बहुसंख्य संशोधन एकाच गटातून आले आहे आणि माणसांवरच्या नोंदी मोजक्या रुग्णांच्या, तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या आहेत. एवढ्या पुराव्यावर एखाद्याच्या खांद्यात सुई टोचणे म्हणजे त्या माणसाला नकळत प्रयोगातला प्राणी करणे होय.

आशादायक पेप्टाइड कुठे अडखळते याचे सर्वांत बोलके उदाहरण बेडकाचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झासलॉफ आफ्रिकी बेडकांवर छोट्या शस्त्रक्रिया करत. टाके घातलेले बेडूक जंतूंनी भरलेल्या गढूळ पाण्यात परत सोडले जात आणि तरीही त्यांच्या जखमा क्वचितच चिघळत. झासलॉफ यांनी हे नुसते पाहून सोडून दिले नाही. बेडकाच्या कातडीतून त्यांनी 23 अमिनो आम्लांची जंतुनाशक पेप्टाइडे वेगळी केली आणि 1987 मध्ये ती मॅगेनिन या नावाने जगापुढे मांडली. त्यावर आधारलेले पेक्सिगॅनन हे मलम मधुमेही पायाच्या जखमांसाठी तयार झाले. 1999 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली, कारण हातात असलेल्या प्रतिजैविकांपेक्षा ते सरस असल्याचे दिसले नव्हते. 2016 मध्ये पुन्हा झालेल्या मोठ्या चाचण्याही अपयशी ठरल्या. सुंदर निरीक्षण, पक्के रसायनशास्त्र, तर्कशुद्ध यंत्रणा, सगळे होते. फक्त रुग्णाच्या पायावर अपेक्षित गुण आला नाही.

तरीही पेप्टाइडे ऊतींची दुरुस्ती करू शकतात हे काही बाबतीत ठामपणे सिद्ध झालेले आहे. टेरीपॅराटाइड हे पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या 84 पैकी पहिल्या 34 अमिनो आम्लांचे पेप्टाइड. हे संप्रेरक सतत चढे राहिले तर हाडे झिजतात. पण दिवसातून एकदा थोडेसे दिले तर उलट हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. निरोप तोच, पण देण्याची लय बदलली की अर्थ उलटा होतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मासिक पाळी थांबलेल्या आणि आधी मणका मोडलेल्या 1,637 स्त्रियांपैकी ज्यांना निष्क्रिय इंजेक्शन दिले त्यांच्यात 14 टक्क्यांना नवे मणक्याचे अस्थिभंग झाले, तर रोज 20 मायक्रोग्रॅम औषध घेणाऱ्यांत ते प्रमाण 5 टक्के होते. पुढच्याच वर्षी औषधाला मान्यता मिळाली. आज हाडांच्या ठिसूळपणासाठी ते भारतातही वापरले जाते.

टेड्युग्लुटाइडची कथा रसायनशास्त्राच्या दृष्टीने अधिकच सुरेख आहे. आतड्यात तयार होणारे जीएलपी-2 हे 33 अमिनो आम्लांचे पेप्टाइड आतड्याचे अस्तर वाढवते, हे टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांनी 1996 मध्ये उंदरांमध्ये दाखवले. अडचण अशी की डीपीपी-4 नावाचे एन्झाइम ते काही मिनिटांत तोडते. दुसऱ्या जागेवरच्या ॲलनिनऐवजी ग्लायसिन बसवल्यावर एन्झाइमला तोडायची जागाच सापडेनाशी झाली. ज्यांचे बरेचसे आतडे काढून टाकावे लागले आहे आणि जे शिरेतून मिळणाऱ्या पोषणावर जगतात, अशा 86 रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी 63 टक्के जणांची शिरेतून लागणारी गरज किमान पाचव्या हिश्शाने कमी झाली. निष्क्रिय औषधाच्या गटात हे प्रमाण 30 टक्के होते. 2012 मध्ये ते मान्य झाले. जखमेच्या बाबतीत बेकॅप्लर्मिन हे जेल 1997 पासून अमेरिकेत मधुमेही पायासाठी उपलब्ध आहे. ते खरे तर प्रथिन आहे आणि प्लेटलेट ज्या वाढ-घटकाने पहिला निरोप धाडतात, त्याचीच ती नक्कल आहे. प्रमुख चाचणीत वीस आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमांचे प्रमाण 35 वरून 50 टक्क्यांवर गेले. सुधारणा खरी आहे, पण चमत्कार नव्हे. भारतात हैदराबादच्या भारत बायोटेकने याच कारणासाठी दुसऱ्या वाढ-घटकाचे जेल बाजारात आणले.

मग उंदरात हमखास दिसणारा गुण माणसात का येत नाही? उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आकसून कडा जवळ ओढतो आणि जखम झपाट्याने मिटते. माणसाच्या बहुतेक त्वचेखाली असा थर नसतो. आपली जखम तळापासून भरत वर येते. शिवाय प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो आणि त्याची जखम धारदार पात्याने केलेली, ताजी आणि स्वच्छ असते. दवाखान्यात येतो तो रुग्ण साठीचा, मधुमेही, पायाच्या धमन्या अरुंद झालेला, आणि जखम तीन महिन्यांची. ऐकणाऱ्या पेशीच थकलेल्या असतील, तर निरोपाचा आवाज वाढवून फार काही साधत नाही. कंडरेच्या दुखण्यात आणखी एक गफलत होते. ही दुखणी बऱ्याचदा विश्रांतीने, व्यायामाने आणि काळाने आपोआप कमी होतात. त्यामुळे इंजेक्शन घेतल्यावर दोन महिन्यांनी बरे वाटले, तर श्रेय इंजेक्शनचे की दोन महिन्यांचे, हे तुलनेचा गट असल्याशिवाय ठरवता येत नाही.

धोक्याची बाजूही याच यंत्रणेतून येते. नव्या रक्तवाहिन्या फुटणे, पेशींचे विभाजन आणि स्थलांतर या गोष्टी जखमेला हव्या असतात तशाच कर्करोगाच्या गाठीलाही हव्या असतात. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोराक यांनी 1986 मध्ये गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली, ती यामुळेच. म्हणून मान्य औषधांवरही डोळा ठेवला जातो. उंदरांना दीर्घकाळ दिल्यावर हाडाचा कर्करोग दिसल्यामुळे टेरीपॅराटाइडवर अनेक वर्षे कडक इशारा होता. माणसांमधल्या दीर्घ निरीक्षणानंतर 2020 मध्ये तो हटवला गेला. टेड्युग्लुटाइड देण्यापूर्वी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करतात. बेकॅप्लर्मिनवरही 2008 मध्ये असा इशारा आला आणि अधिक माहिती हाती आल्यावर पुढे तो काढला गेला. प्रश्न विचारणे, वर्षानुवर्षे नोंदी ठेवणे आणि मगच उत्तर देणे अशी ही रीत आहे. संशोधनासाठीच्या कुप्यांबाबत असे कोणीही मोजत नाही.

त्या कुपीत नेमके काय आहे, हाही प्रश्न उरतोच. साखळी जोडताना एखादे अमिनो आम्ल सुटले तर दिसायला तशीच पण वेगळी साखळी तयार होते. जंतूंच्या कवचाचे विषारी अंश राहिले तर ताप येतो, रक्तदाब घसरू शकतो. अशुद्ध पेप्टाइडाविरुद्ध शरीराने प्रतिद्रव्ये तयार केली, तर ती शरीरातल्या मूळ रेणूवरही उलटू शकतात. अमेरिकी औषध प्रशासनाने 2023 मध्ये बीपीसी-157 हे औषधविक्रेत्यांनी मिश्रण करून देण्याच्या दृष्टीने सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न असलेल्या पदार्थांच्या गटात टाकले, ते अशाच शंकांमुळे.

खेळाडूंसाठी तर हा विषय कारकिर्दीचा आहे. बीपीसी-157 हे 2022 पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत नावानिशी आहे आणि थायमोसिन बीटा-4 व टीबी-500 यांवरही बंदी आहे. ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन या फुटबॉल क्लबच्या 34 आजी-माजी खेळाडूंवर जानेवारी 2016 मध्ये क्रीडा लवादाने थायमोसिन बीटा-4 च्या प्रकरणी बंदी घातली. 2012 च्या हंगामातला क्लबचा पूरक द्रव्यांचा कार्यक्रम त्याच्या मुळाशी होता. हेच नियम भारतीय खेळाडूंना लागू आहेत. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी ही नावे माहीत करून घ्यावीत. दुखापत बरी करण्यासाठी घेतले, ही सबब तिथे चालत नाही.

तोंडाने घ्यायच्या कोलॅजेन पेप्टाइडांबद्दल थोडक्यात: ती बव्हंशी पचनात तुटतात आणि इतर प्रथिनांसारखीच अमिनो आम्ले व छोटे तुकडे म्हणून शोषली जातात. डाळ, अंडी, दूध, मासे यांतूनही दुरुस्तीचे साहित्य मिळते. कोलॅजेन पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागते. पूर्वी स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या जुन्या, भरलेल्या जखमा पुन्हा उकलत, त्या याच्या अभावाने.

भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या घरात आहे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. न भरणारी जखम हा आपल्याकडे घराघरातला प्रश्न आहे, म्हणून या संशोधनाला पैसा, वेळ आणि चांगल्या चाचण्या मिळाल्या पाहिजेत. तोवर ज्यांच्या पायावर जखम आहे त्यांनी साखर आटोक्यात ठेवावी, तंबाखू सोडावी, पायावरचा भार कमी करावा, रक्तपुरवठा तपासून घ्यावा आणि जखमेची नियमित सफाई डॉक्टरांकडून करून घ्यावी. पेप्टाइडाचे औषध सुचवले गेले, तर ते माणसांवरच्या कोणत्या चाचणीत सिद्ध झाले आहे आणि त्याला भारतात मान्यता आहे का, एवढे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत. आणि ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेली कुपी कोणीही, कितीही खात्रीने पुढे केली तरी टोचून घेऊ नये.